सेकंड हँड राउटर, फर्स्ट हँड अनुभव

रविवारी सकाळी साडेनऊला मोबाइल वाजला. आठवडाभर ऑफिसात राबणाऱ्या माणसासाठी रविवारचे साडेनऊ म्हणजे पहाटच! पलीकडे मावसभाऊ होता आणि आवाजात लॉटरी लागल्याचा आनंद. "दादा, अख्खी लॅब मिळतेय! पाच राउटर, तीन स्विच, केबल्स फ्री. अठरा हजार फक्त. संध्याकाळपर्यंत हो म्हणायचंय."

मी पांघरुणातूनच विचारलं, "मॉडेल नंबर काय?"

"सव्वीसशे वगैरे काहीतरी आहे. पण वर 'कम्प्लीट सीसीएनए किट' असं लिहिलंय."

झालं! माझी झोप उडाली.

आमचा हा भाऊ डोंबिवलीला राहतो आणि एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला आहे. कॉन्ट्रॅक्टवर. दिवसभर लोकांचे अडकलेले प्रिंटर सोडवायचे आणि विसरलेले पासवर्ड बदलून द्यायचे. त्याच मजल्यावर काचेच्या केबिनमध्ये नेटवर्क टीम बसते. साहेबांना त्या काचेच्या पलीकडे जायचंय. त्यासाठी सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीचं १९९८ पासून चालत आलेलं पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट. वर्षभर पै पै करून त्याने चाळीस हजार बाजूला टाकलेत. आता गंमत बघा. परीक्षेची फीच ३०० डॉलर. वर कर. रुपयांत पंचवीस हजारांच्या पुढेच जाते. म्हणजे अठरा हजारांचं 'किट' घरी आलं की परीक्षेला बसायचे पैसेच संपले. घरात डबे आणि हातात काही नाही!

"संध्याकाळी नाही, आत्ताच सांग त्यांना," मी म्हटलं, "नको म्हणून."

दादा लोकांना उपदेश करायचा हक्क असतो तो त्यांनी स्वतः खाल्लेल्या ठोकरांमुळे. माझी ठोकर २००६ सालची. तेव्हा मी दोन २५०१ राउटर घेतले होते. दिसायला एकदम दणकट, किंमत खिशाला परवडणारी, विकणारा गोड बोलणारा. टॅक्सीतून मांडीवर घेऊन घरी आणले, आईने कौतुकाने फडक्याने पुसले आणि मग लक्षात आलं, नेहमीची नेटवर्कची वायर लावायला त्याला भोकच नाही! त्यावर होतं पंधरा पिनांचं जुनं एयूआय पोर्ट. त्याला साधी वायर जोडायची तर वेगळा ट्रान्सिव्हर घ्या. तो शोधण्यात तीन शनिवार गेले. तात्पर्य काय, राउटर विकत घेताना आपण डबा घेत नसतो. त्यावर काय काय करता येईल ते घेत असतो.

मुळात राउटर हवाच का?

खरं उत्तर देतो, कुणी विकणारा हे सांगणार नाही. सीसीएनए पास व्हायला खरा राउटर लागतोच असं नाही. सिस्कोच्या नेटवर्किंग अॅकॅडमीत खातं उघडलं की पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं. लॅपटॉपवरच राउटर, स्विच, वायरी सगळं मांडा आणि खेळा. त्याहून खरं वाटणारं काही हवं असेल तर सिस्को मॉडेलिंग लॅब्जची पाच यंत्रांपर्यंतची आवृत्तीही फुकट आहे. परीक्षेतल्या बहुतेक कमांड्सचा सराव यावर होतो. शिवाय २०२० साली आलेल्या २००-३०१ या परीक्षेत वायरलेस कंट्रोलर आणि ऑटोमेशनही आहे. ते जुन्या राउटरवर शिकता येतच नाही. तो अभ्यास पडद्यावरच करायचा.

मग खर्च कशासाठी? कारण पडद्यावरचा राउटर कधीच रुसत नाही. त्याची वायर अर्धवट बसत नाही. त्याचा पंखा घरघरत नाही. त्याचा पासवर्ड आधीचा माणूस विसरून गेलेला नसतो. आणि इंटरव्ह्यूला समोरचा माणूस जेव्हा विचारतो, "पोर्टचा दिवाच लागत नाहीये, पहिल्यांदा काय बघशील?" तेव्हा ज्याने रात्री साडेबाराला ते स्वतः भोगलंय, तो वेगळं उत्तर देतो. पाठ केलेलं आणि भोगलेलं लगेच कळतं बॉस!

म्हणून माझा फंडा सोपा आहे. परीक्षेची फी वेगळ्या खात्यात टाका आणि विसरून जा. उरलेल्यात जे बसेल तेवढंच हार्डवेअर घ्या. थोडं घ्या, पण बघून घ्या. बाकी पॅकेट ट्रेसर आहेच.

कुठली पिढी घ्यायची?

जुन्या राउटरच्या बाजारात मॉडेल नंबरांचा नुसता पाऊस असतो. कन्फ्यूज होऊ नका. पिढ्या लक्षात ठेवल्या की काम झालं.

आजोबांची पिढी म्हणजे २५०० आणि २६००. मायेने बघावं, नमस्कार करावा आणि पुढे जावं. सिस्कोची राउटर चालवणारी सिस्टीम म्हणजे आयओएस. तिची पंधरावी आवृत्ती यांच्यावर चढतच नाही. काही २६०० ना तर १० एमबीपीएसचं एकच नेटवर्क पोर्ट असतं. 'कम्प्लीट किट' नावाखाली हमखास हेच गळ्यात मारलं जातं.

काकांची पिढी म्हणजे २००४ साली आलेले १८४१, २८०१, २८११. १८४१ हा लहानसा, गुणी राउटर आहे. दोन फास्ट इथरनेट पोर्ट, ओएसपीएफ, नॅट, अॅक्सेस लिस्ट सगळं शिकता येतं. अडचण मेमरीची. ३२ एमबीचं फ्लॅश कार्ड असेल तर बऱ्याच नव्या इमेज त्यात मावत नाहीत. आणि आतमध्ये जुनी साधी 'आयपी बेस' इमेज असेल तर एसएसएच किंवा आयपीव्ही६ अडू शकतं. परीक्षेला दोन्ही लागतात. बजेट अगदीच टाइट असेल तरच याच्या वाटेला जा. २८११ मात्र बेडरूममध्ये ठेवायचा विचार करू नका. त्याचा पंखा सुरू झाला की घरच्यांना वाटतं विमान उतरतंय.

दादाची पिढी म्हणजे २००९ साली आलेले १९४१, २९०१, २९११. माझं मत यांना, आणि त्यातही १९४१ ला. दोन गिगाबिट पोर्ट, आयओएस १५, आवाज सहन होण्यासारखा. यात सिक्युरिटी, डेटा अशी वेगवेगळी लायसन्स असतात आणि दुकानदार त्याच्या नावाने हजार-दोन हजार जास्त सांगतो. देऊ नका! सीसीएनएपुरतं लागणारं सगळं 'आयपी बेस'मध्ये मिळतं.

आणि नवी पिढी, म्हणजे ४३२१, ४३३१? दिसायला झकास, पण सेकंड हँड घेताना डोळे उघडे ठेवा. फेब्रुवारी २०१७ मध्ये सिस्कोनेच जाहीर केलं होतं, की या मालिकेतल्या काही राउटरमधला घड्याळाचा सिग्नल देणारा एक भाग साधारण दीड वर्षाच्या वापरानंतर बंद पडू शकतो. तो पडला की राउटर पुन्हा उठतच नाही. बदलून दिलेला नग आहे की मूळचाच, याची खात्री नसेल तर पैसे जपून ठेवा.

आता किटमधल्या त्या जाड निळ्या सीरियल केबल्स आणि कार्डं. एकेकाळी त्यांच्याशिवाय लॅब पूर्ण व्हायची नाही. आज परीक्षेतून सीरियल लिंकवरचं पीपीपी गेलं, फ्रेम रिले गेलं, आरआयपी आणि ईआयजीआरपीसुद्धा गेले. फुकट दिल्या तर घ्या, त्यासाठी वेगळा पैसा मोजू नका.

स्विचचं काय? २९५० सोडा, २९६० घ्या. नावाच्या शेवटी 'एल' असेल तर लॅन बेस, 'एस' असेल तर लॅन लाइट. आपल्याला 'एल' हवा. आठ पोर्टांचा २९६० मिळाला तर सही, त्याला पंखाच नसतो. स्पॅनिंग ट्री आणि इथरचॅनेल हाताने करून बघायचं तर स्विच दोन लागतात, आणि ओएसपीएफचे शेजारी जुळताना बघायचे तर राउटर दोन. झाली की लॅब! दोन अधिक दोन. पाच अधिक तीनची गरजच काय?

चलो लॅमिंग्टन रोड

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं ग्रँट रोड स्टेशनला उतरलो. पाठीवर सॅक. सॅकमध्ये लॅपटॉप, फिक्कट निळी कन्सोल केबल, यूएसबी ते सीरियल जोडणारा अॅडॉप्टर आणि दोन नेटवर्कच्या वायरी. लग्नाला मुलगी बघायला जाताना मंडळी पत्रिका घेऊन जातात, तसं राउटर बघायला जाताना लॅपटॉप न्यायचाच. आजच्या लॅपटॉपला सीरियल पोर्ट नसतं, म्हणून अॅडॉप्टर. तो घरीच एकदा चालवून बघा. दुकानात ड्रायव्हर शोधत बसलात की दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलाच म्हणून समजा.

पहिल्या दुकानात मालक म्हणाला, "एकदम चालू पीस है साहब, आँख बंद करके ले जाओ."

भाऊ लगेच पाकीट काढायला निघाला. मी त्याचा हात धरला. "डोळे उघडे ठेवून घेऊया. शेठ, जरा करंट द्या."

राउटर सुरू झाला, आणि पडद्यावर आलं 'रॉममॉन'. म्हणजे आतमध्ये आयओएसची इमेजच नाही! उघडून बघितलं तर फ्लॅश कार्ड गायब. असं होतं. कार्ड वेगळं विकलं जातं आणि डबा वेगळा. आयओएसची इमेज सिस्कोकडून उतरवायला सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट लागतं. "नेटवरून घ्या ना कुठून तरी," हा सल्ला ऐकू नका. चोरीची इमेज, आत कुणी काय घातलंय माहीत नाही, आणि शिकायला निघालोय नेटवर्क सिक्युरिटी! ज्याच्या पोटात चालती इमेज आहे तोच राउटर घ्या.

दुसऱ्या दुकानात १९४१ नीट उठला. मग भावाने माझ्या सांगण्यावरून एकेक कमांड मारली. 'शो व्हर्जन', म्हणजे आयओएस कुठलं, मेमरी किती. 'शो फ्लॅश', कार्ड आहे का आणि त्यावर काय आहे. 'शो इन्व्हेंटरी', आतला सीरियल नंबर. हा नंबर डब्याखालच्या स्टिकरशी जुळला पाहिजे. नाही जुळला तर कुणीतरी दोन डब्यांचा एक डबा केलाय. नकली मालही असतो बरं का, २०२० साली एफ-सिक्युअर कंपनीने २९६०-एक्स स्विचच्या नकली प्रती उघडून दाखवल्या होत्या.

याच सीरियल नंबरात राउटरचं वयही लपलेलं असतं. तीन अक्षरांनंतरच्या पहिल्या दोन आकड्यांत १९९६ मिळवा, ते जन्मसाल. पुढचे दोन आकडे, आठवडा. आमच्या समोरच्या डब्यावर १५२३ होतं. पंधरा अधिक १९९६, म्हणजे २०११ चा तेविसावा आठवडा. "साहब, दो-तीन साल पुराना है," म्हणणारा मालक गप्प झाला. आठशे रुपये तिथेच कमी झाले!

मग दोन्ही पोर्टांना वायर लावून दिवे बघितले. वीस मिनिटं तसाच चालू ठेवला, कारण काही रोग गरम झाल्यावरच दिसतात. पंख्याला कान लावला. आणि शेवटी बिल मागितलं. हो, बिल! ऑफिसांतून निघालेल्या मालाच्या बाजारात कुठला डबा कसा आला हे आपल्याला कळत नाही. बिल द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडे घ्यायचं नाही.

संध्याकाळपर्यंत दोन १९४१ आणि दोन २९६० मिळून चौदा हजारांत झाले. फीचे पैसे खात्यात तसेच.

घरी आल्यावर

पहिल्याच रात्री मावशीचा फोन, "काय रे, हे काय आणून दिलंस? मिक्सर चालू राहिल्यासारखं वाटतंय." मधली वाट निघाली. लॅब बाल्कनीच्या दाराजवळ, आणि वेळ आठ ते अकरा. विजेचं टेन्शनही तिने काढलंच. चार डबे मिळून दीडशे वॅट धरले आणि रोज तीन तास, तर दिवसाला अर्ध्या युनिटच्या आत. अभ्यास झाला की बटण बंद, एवढी शिस्त मात्र हवी.

आणखी एक. हे राउटर घरच्या इंटरनेटच्या तोंडावर बसवू नका. १८४१ चा सपोर्ट २०१६ मध्ये संपला, १९४१ चा २०२२ मध्ये. त्यांच्या सिस्टीममधली नवी छिद्रं आता कुणी बुजवत नाही. शिकायला उत्तम, पहाऱ्याला नाही.

आधीच्या मालकाची डायरी

खरी गोष्ट पुढे आहे. दोनपैकी एका राउटरला पासवर्ड होता. भावाचा चेहरा पडला. मी म्हटलं, "अरे, हा तर बोनस आहे! पडद्यावर असा धडा मिळतो का?" राउटर बंद करून चालू केला, सुरू होताना ब्रेक दाबला. दोनदा लागला नाही. काही स्वस्त अॅडॉप्टर ब्रेक पुढे पाठवतच नाहीत. दुसऱ्या अॅडॉप्टरने लागला. कॉन्फिगरेशन रजिस्टर ०एक्स२१४२ केलं, म्हणजे राउटर जुनं कॉन्फिगरेशन न वाचता उठतो. उठला. जुनं कॉन्फिगरेशन मात्र आत तसंच शाबूत होतं.

रात्री साडेअकराला फोन. "दादा, यात कुठल्यातरी कंपनीच्या सगळ्या शाखांची नावं आहेत. आयपी पत्ते आहेत. पासवर्डपण आहेत, आणि त्यातले काही टाइप सेव्हनचे."

टाइप सेव्हन म्हणजे नावाला कुलूप. काही सेकंदांत उलगडतं. हे त्यालाही ठाऊक होतं. दोन सेकंद तो काही बोलला नाही. मग हळूच विचारलं, "बघू का?"

मित्रांनो, या क्षणासाठी कुठल्याही परीक्षेत प्रश्न नसतो. आणि हा राउटर काही जगावेगळा नव्हता. २०२३ साली ईसेट या सिक्युरिटी कंपनीने जुने राउटर विकत घेऊन तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक राउटरांत आधीच्या कंपन्यांची आतली माहिती तशीच सापडली होती. निष्काळजीपणा त्यांचा, मान्य. पण उद्या काचेच्या पलीकडे बसायचं म्हणजे काय? शेकडो लोकांच्या किल्ल्या आपल्या हातात असणं. त्या किल्ल्या वापरायची सवय कुठली लावायची, हे आजच ठरतं.

मी एवढंच म्हटलं, "चाळीत खोली बदलताना आधीच्या भाडेकरूची डायरी माळ्यावर सापडली तर तू काय करशील?"

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला. "राइट इरेज मारलं. रजिस्टर परत ०एक्स२१०२. कॉपी ठेवली नाही. स्विचवरची व्हीलॅन.डॅट फाइलपण उडवतो."

तुम्हीही हेच करा, घेतल्यावर आणि परीक्षेनंतर विकतानाही. हो, विकायचंच! नीट निवडलेला १९४१ परीक्षा झाल्यावर पुढच्या कुणाच्या तरी घरी जातो आणि आपले बरेच पैसे परत येतात. लॅबचा पैसा निम्मा खर्च आणि निम्मा डिपॉझिट.

परवा भाऊ भेटला. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, त्यामुळे पेढे अजून नाहीत. पण एक गंमत झाली. त्याच्या ऑफिसात सात जुने राउटर भंगारात काढायला पॅसेजमध्ये ठेवले होते. आधी त्याच्या नजरेला तो नुसता ढीग दिसला असता. या वेळी तो सरळ काचेच्या केबिनमध्ये गेला आणि विचारलं, "सर, हे पुसलेत का?" पुसले नव्हते.

"तुला येतं?" सरांनी विचारलं.

दोन दुपारी तो त्या केबिनमध्ये बसून सातही राउटर पुसत होता. कन्सोल केबल स्वतःची घेऊन गेला होता.